वाचकांचे प्रश्न : विशेष मुलांच्या शाळा, ब्रिटनमधल्या आणि आपल्या

गेल्या अंकात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमधील विशेष शाळांवर आम्ही एक टिपण छापले होते. १९४४चा शिक्षण कायदा आणि त्याखालील १९४५ची नियमावली यांनी अपंग विद्यार्थ्यांचे अकरा प्रकार ठरवले आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी स्थानिक शिक्षण प्राधिकरणांवर टाकली, असा त्या टिपणाचा आशय होता. त्यावर लातूर, परभणी, बीड, नांदेड अशा ठिकाणांहून बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. त्या काळच्या सरकारी कागदपत्रांतील काही शब्द आज कानाला खटकतात. ते जेथे टाळता आले नाहीत तेथे तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : विशेष शिक्षणाच्या आमच्या अभ्यासक्रमात एका प्रकरणात १९४४च्या कायद्याचे कौतुक आहे, तर पुढच्याच प्रकरणात ब्रिटनमध्ये १९७१पर्यंत हजारो मुलांना ‘शिक्षणास अपात्र’ ठरवून शाळेबाहेर ठेवले जात होते, असे म्हटले आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात?
– एक विशेष शिक्षिका, लातूर

उत्तर : दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच कायद्यात आहेत. कौतुक करणारे त्याचे कलम ३३ आणि ३४ वाचतात, कलम ५७पर्यंत फारसे कोणी पोचत नाही.

आधी कौतुकाची बाजू पाहू. त्यापूर्वीचे कायदे तुकड्यातुकड्यांचे होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये अंध व कर्णबधिर मुलांसाठी १८९३ साली कायदा झाला. ‘सदोष’ आणि अपस्मारग्रस्त (फेफरे येणाऱ्या) मुलांसाठी १८९९ साली झालेला कायदा मात्र ऐच्छिक होता. म्हणजे प्राधिकरणाला वाटले तर त्याने वर्ग काढावेत, नाही वाटले तर काढू नयेत. १९४४च्या कायद्याने हा विषय मुख्य शिक्षण व्यवस्थेत आणला. दोन वर्षांवरील ज्या ज्या मुलाला विशेष शिक्षणाची गरज असेल ते शोधून काढणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य ठरले आणि मुलाची तपासणी करावी अशी मागणी करण्याचा हक्क पालकांना मिळाला. पुढील वर्षीच्या नियमावलीतील प्रकार असे होते : अंध, अंशतः दृष्टी असलेली, बहिरी, अंशतः बहिरी, नाजूक प्रकृतीची, मधुमेही, शैक्षणिकदृष्ट्या मागे असलेली, अपस्मारग्रस्त, कुसमायोजित (भावना-वागणुकीत इतरांशी जुळवून घेता न येणारी), शारीरिक अपंग आणि वाचादोष असलेली. मधुमेही मुलांना १९५३मध्ये नाजूक प्रकृतीच्या मुलांत सामावून घेतले गेले आणि अकराचे दहा झाले. अपंगत्व फार तीव्र नसेल तर मूल साध्या शाळेतच शिकू शकेल, अशीही तरतूद होती. कागदावर ती आजच्या समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे सर्व मुलांनी एकाच शाळेत शिकण्याच्या, बरीच जवळ जाते.

प्रत्यक्षात तसे घडले नाही, याचे कारण विटा आणि सिमेंट हे होते. बॉम्बहल्ल्यांत शाळा पडल्या होत्या, बांधकामाचे साहित्य मोजून मिळत होते, वर्ग चाळीस-चाळीस मुलांनी भरलेले होते आणि १९४७पासून शाळा सोडण्याचे वय चौदावरून पंधरा झाल्याने आणखी एका वर्षाची मुले शाळेतच राहिली. अशा वर्गात मागे पडणाऱ्या मुलाकडे कोण बघणार? त्याच सुमारास मोठमोठ्या जमीनदारांचे ग्रामीण वाडे स्वस्तात विकायला निघाले होते, कारण ते सांभाळणे धन्यांना परवडत नव्हते. अनेक प्राधिकरणांनी ते घेऊन तेथे निवासी विशेष शाळा उघडल्या. बागबगीचा, उंच छताचे दिवाणखाने, भोवती मोकळी हवा, आणि मुलाचे घर मात्र शे-दीडशे किलोमीटरवर. मुलांसाठी काय योग्य, यापेक्षा कोणती इमारत मिळाली यावरून निवासी शाळांचे जाळे ठरत गेले. आपल्याकडील निवासी विद्यालये कोणत्या गावी आणि का निघाली, याचा कोणी शोध घेतला तर निष्कर्ष फार वेगळा निघेल असे मला वाटत नाही.

आता कलम ५७. ‘मनाच्या अपंगत्वामुळे शाळेत शिक्षण घेण्यास असमर्थ’ असा एखाद्या मुलाबद्दल निर्णय झाला, की शिक्षण प्राधिकरणाने त्याचे नाव आरोग्याच्या बाजूच्या स्थानिक प्राधिकरणाला कळवायचे आणि तेथे शिक्षण खात्याचा त्या मुलाशी संबंध संपायचा. मूल शिकू शकत असले, पण इतर मुलांबरोबर त्याला शिकवणे त्याच्या किंवा इतरांच्या हिताचे नाही असे वाटले, तरीही हेच कलम लागू होत असे. निर्णय मुख्यतः शाळेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या तपासणीवर होई. हा अधिकारी मुळात डॉक्टर. बुद्धिमापनाचे छोटे प्रशिक्षण घेतलेला. बिने चाचणीची १९३७ची सुधारित आवृत्ती त्याच्या पेटीत असे. बुद्ध्यांक ५०च्या खाली गेला तर मूल अपात्र, ५० ते ७०-७५ या पट्ट्यात असेल तर ते ‘शैक्षणिकदृष्ट्या मागे’ असलेल्यांच्या शाळेत, अशी सर्वसाधारण वहिवाट होती. कायद्यात ५० हा आकडा कोठेही लिहिलेला नव्हता. पालकांना निर्णयाची लेखी नोटीस येई आणि शिक्षणमंत्र्याकडे दाद मागता येई. पण ज्या घरात मूल सांभाळता सांभाळता आईच्या नाकी नऊ आले आहेत, त्या घरातून मंत्र्याकडे अर्ज किती जाणार?

अपात्र ठरलेल्या मुलांपुढे तीन वाटा होत्या. घरी बसणे ही पहिली. दुसरी म्हणजे रुग्णालयात दाखल होणे. १९४८च्या जुलैत राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर जुन्या ‘मनोदुर्बलांच्या वसाहती’ रुग्णालये म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या आणि त्यांच्या लांबलचक वॉर्डांत मुले वर्षानुवर्षे राहत. तिसरी वाट ‘व्यवसाय केंद्रा’ची. ही केंद्रे बहुधा चर्चच्या भाड्याच्या सभागृहात भरत. सकाळी गाडी मुलांना गोळा करून आणी. मग प्रार्थना, गाणी, बटणे लावण्याचा आणि नाडी बांधण्याचा सराव, रॅफियाच्या दोऱ्याच्या चटया, वेताच्या टोपल्या, दुपारचे जेवण आणि पुन्हा गाडी. संध्याकाळी सभागृह दुसऱ्या कोणाला हवे असल्याने टेबले, खेळणी, अर्ध्या विणलेल्या टोपल्या सगळे कपाटात कोंबून जावे लागे. तेथे काम करणाऱ्या स्त्रियांना शिक्षिकेचा दर्जा नव्हता, शिक्षिकेचा पगार नव्हता आणि पदनाम ‘पर्यवेक्षक’ असे होते. त्यांतील कितीजणींनी कोणीही न सांगता मुलांना अक्षरे गिरवायला लावली असतील, याची नोंद कोणत्या खात्यात असणार?

ही व्यवस्था हलली ती मुख्यतः आयांमुळे. १९४६ साली जूडी फ्रायड या मातेने, जिची स्वतःची मुलगी अशीच शाळेबाहेर राहिली होती, बालसंगोपनाच्या एका नियतकालिकाला पत्र लिहून इतर पालकांना एकत्र येण्याचे आवाहन केले. वाचकांच्या पत्रांचे सदर चालवणाऱ्या माणसाला हा तपशील विशेष आवडावा, हे ओघाने आलेच. त्या पत्राला आलेल्या उत्तरांतून पालकांची जी संघटना उभी राहिली तीच पुढे ‘मेनकॅप’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

दुसरा धक्का संशोधनाने दिला. मानसशास्त्रज्ञ जॅक टिझार्ड यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या फाउंटन रुग्णालयातील काही मुले सरे परगण्यातील ब्रुकलँड्स या घरात हलवली. तेथे वॉर्डाऐवजी लहान लहान गट होते, ठरावीक माणसे सांभाळायला होती, खेळ आणि बोलणे भरपूर होते. दोन वर्षांनी ही मुले बोलण्याच्या बाबतीत रुग्णालयात राहिलेल्या तशाच मुलांच्या स्पष्टपणे पुढे गेली होती. मुलांत जे दिसत होते त्यातले कितीतरी वॉर्डाने घडवलेले होते, हे आता आकड्यांत दाखवता येत होते.

१९५९च्या मानसिक आरोग्य कायद्याने ‘असमर्थ’ ऐवजी ‘अयोग्य’ असा शब्द घातला, अपिलाची वाट थोडी रुंद केली आणि मुख्य गोष्ट तशीच ठेवली. अखेर १९७०मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि १ एप्रिल १९७१पासून इंग्लंड-वेल्समध्ये तीस हजारांहून अधिक मुले आरोग्याच्या बाजूकडून शिक्षणाच्या बाजूकडे आली. कित्येक ठिकाणी इमारत तीच राहिली, माणसे तीच राहिली, दारावरची पाटी बदलून ‘शाळा’ झाली. तरीही मी या बदलाला केवळ पाटीचा बदल म्हणणार नाही, कारण शाळा म्हटले की निरीक्षक येतो, प्रशिक्षित शिक्षक मागता येतो आणि मूल काय शिकले असा प्रश्न विचारता येतो.

तुम्ही स्वतः विशेष शाळेत आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्या राज्यात विशेष शाळा शालेय शिक्षण विभागाकडे नाहीत. त्या पूर्वी समाजकल्याणाकडे होत्या, आता दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. या विभागाने मुलांसाठी केलेले काम मी नाकारत नाही. परंतु मूल कोणत्या खात्याच्या नोंदवहीत आहे यावरून त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची हे ठरू लागते, हा ब्रिटनचा सत्तावीस वर्षांचा अनुभव आपल्या धोरणकर्त्यांनी नीट वाचावा असा आहे.

प्रश्न : ब्रिटनमध्ये अशक्त मुलांना म्हणे कडाक्याच्या थंडीत उघड्यावर बसवून शिकवत. आमच्या लहानपणी गावची शाळा कडुनिंबाखालीच भरत असे. मग तीही ‘विशेष शाळा’च म्हणायची काय?
– एक निवृत्त शिक्षक, जिंतूर, जि. परभणी

उत्तर : गुरुजी, आपल्या प्रश्नातला मिस्कीलपणा पोचला. आपली शाळा कडुनिंबाखाली भरत होती कारण खोली नव्हती. त्यांची उघड्यावर भरत होती ती डॉक्टरांनी सांगितले म्हणून.

कल्पना जर्मनीची. १९०४ साली बर्लिनजवळच्या शार्लोटनबर्ग येथे अशी पहिली शाळा निघाली आणि १९०७ साली लंडन कौंटी कौन्सिलने प्लमस्टेडच्या बोस्टल वुड या वनात आपली पहिली शाळा उघडली. क्षयाने ग्रासलेल्या घरांतील, रक्त कमी असलेल्या, कुपोषित, सतत खोकणाऱ्या मुलांसाठी त्या होत्या. क्षयावर औषध नव्हते. सूर्यप्रकाश, मोकळी हवा, पोटभर अन्न आणि विश्रांती हेच उपचार होते. १९४५च्या नियमावलीतील ‘नाजूक प्रकृती’चा प्रकार हा याच शाळांचा वारसा.

वर्गखोलीला तीन भिंती असत आणि चौथी बाजू दक्षिणेकडे उघडी. काही ठिकाणी नुसते छप्पर आणि खांब. मुले कोट, मफलर घालून, पायांवर कांबळे घेऊन बसत. हिवाळ्यात दौतीतली शाई गोठत असे, अशा आठवणी माजी विद्यार्थ्यांनी सांगितल्या आहेत. सकाळी गरम लापशी, मध्ये दूध, चमचाभर कॉड माशाच्या यकृताचे तेल (त्याची चव ती पिढी विसरलेली नाही) आणि दुपारच्या जेवणानंतर सर्वांनी ओळीने मांडलेल्या कॅनव्हासच्या खाटांवर तास-दोन तास गप्प पडून राहायचे. झोप येवो अथवा न येवो, बोलायचे नाही. ठरावीक दिवशी मुलांचे वजन होई आणि वाढलेले पौंड हेच शाळेचे प्रगतिपुस्तक. मुलांची प्रकृती सुधारत असे हे खरे. ती हवेने सुधारली की दोन वेळच्या जेवणाने, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. माझा कौल जेवणाकडे आहे.

या शाळा कोणी बंद केल्या असे नाही, त्यांची गरज संपत गेली. १९४६च्या कायद्याने सर्व शाळांत मुलांना फुकट दूध मिळू लागले, १९४८पासून डॉक्टर फुकट झाला, त्याच सुमारास क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आले, शाळकरी मुलांना क्षयाची बीसीजी लस टोचणे १९५३पासून सुरू झाले, १९५६च्या कायद्याने शहरांतील धूर कमी करण्यास आरंभ झाला. उघड्या भिंतींना काचा बसल्या आणि त्याच इमारतींत दम्याची, हृदयविकाराची किंवा घरच्या ताणाने खचलेली मुले येऊ लागली.

प्रश्न : माझा मुलगा जन्मतः कर्णबधिर आहे. तो हातवारे करून बोलतो. घरी खुणा करू देऊ नका, नाहीतर तो बोलायला शिकणार नाही, असे आम्हाला एका ठिकाणी सांगण्यात आले. परदेशात तर अशा मुलांचे हात बांधत असत असे कोणी म्हणाले. खरे काय?
– एक आई, उदगीर, जि. लातूर

उत्तर : ताई, जे तुम्हाला सांगितले गेले त्याला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८८० साली इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि खुणांपेक्षा तोंडी बोलण्याची पद्धत श्रेष्ठ असल्याचा ठराव तेथे झाला. ठराव करणाऱ्यांत ऐकू येणारेच जवळपास सगळे होते. ब्रिटनमध्ये मँचेस्टर विद्यापीठातील आयरीन आणि अलेक्झांडर ईविंग यांच्या विभागातून शिक्षकांच्या पिढ्या तोंडी पद्धतीचे शिक्षण घेऊन बाहेर पडल्या. १९४८पासून आरोग्य सेवेने ‘मेड्रेस्को’ हे श्रवणयंत्र मोफत दिले, तेव्हा तर आता खुणांची गरजच उरली नाही असे अनेकांना वाटले. ते यंत्र कानामागे बसणारे नव्हते. छातीवर पट्ट्याने बांधलेली डबी, तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर, बॅटरीचे ओझे आणि अंगावरचे कपडे घासले तरी कानात खरखर, असे त्याचे रूप होते. ज्यांना थोडेफार ऐकू येत होते त्यांना त्याने खरोखर मदत केली. पूर्ण बहिऱ्या मुलाला ते नुसता आवाज देई.

अनेक शाळांत वर्गात खुणा केल्यास शिक्षा होई. हात मांडीखाली दाबून बसायला लावत, अशा आठवणी त्या काळच्या असंख्य विद्यार्थ्यांनी सांगितल्या आहेत. शिक्षिका मुलाचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून कंप जाणवून देई, आरशापुढे मेणबत्ती धरून ‘प’ आणि ‘ब’ यांतला श्वासाचा फरक शिकवी. एका शब्दावर आठवडा जाई. आणि रात्री शयनगृहात तीच मुले एकमेकांशी भराभर खुणांनी बोलत. ज्यांचे आईवडीलही कर्णबधिर होते ती मुले बाकीच्यांची गुरू असत. ब्रिटिश खुणांची भाषा त्या शतकात मोठ्या प्रमाणावर या निवासी शाळांच्या खाटांमध्येच जगली, ज्या शाळांनी तिला बंदी घातली होती.

या पद्धतीतूनही काही मुले फार पुढे गेली, हे सांगितलेच पाहिजे. मेरी हेअर ही शाळा १९४६मध्ये कर्णबधिरांची ग्रामर स्कूल (निवडक हुशार मुलांची माध्यमिक शाळा) झाली, देशभरातून परीक्षा घेऊन मुले निवडू लागली आणि तेथील विद्यार्थी विद्यापीठांपर्यंत पोचले. पण सर्वसाधारण मुलाचे काय झाले? १९७९ साली मानसशास्त्रज्ञ रुबेन कॉनरॅड यांनी शाळा सोडणाऱ्या कर्णबधिर विद्यार्थ्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे वाचन सरासरीने नऊ वर्षांच्या मुलाइतके असल्याचे दिसले. दहा-अकरा वर्षे शाळेत घालवून एवढेच हाती आले होते. त्यानंतर खुणांना वर्गात हळूहळू परवानगी मिळाली आणि २०२२ साली ब्रिटनने खुणांच्या भाषेला कायद्याने मान्यता दिली.

म्हणून माझे उत्तर सरळ आहे. मुलाचे हात धरू नका. श्रवणयंत्र, वाचा-उपचार, कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचे यंत्र) यांबद्दल कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि श्रवणतज्ज्ञ सांगतील ते जरूर करा. त्याबरोबर तुम्ही, त्याचे वडील, आजी, भावंडे सर्वांनी त्याच्या खुणा शिका. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा चित्रफितींचा कोश केला आहे आणि तो मोबाइलवर फुकट पाहता येतो. घरात कोणाशीच बोलता न येणारे मूल पुढे कोणत्याच भाषेत नीट बोलत नाही.

प्रश्न : आमच्या भागातील ऊसतोड कामगारांची मुले सहा-सहा महिने कारखान्याच्या तळावर असतात. परत आल्यावर वर्गात काही येत नाही म्हणून ‘याला तपासून आणा’ असे सुचवले जाते. ब्रिटनमध्ये अशी चुकीची निवड होत असे काय?
– एक कार्यकर्ता, धारूर, जि. बीड

उत्तर : होत असे, आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण कॅरिबियन बेटांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांचे आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत ही कुटुंबे लंडन, बर्मिंगहॅम अशा शहरांत कामाला आली. आईवडील आधी आले, मुले आजीजवळ राहून काही वर्षांनी आली. नवे हवामान, जवळजवळ अनोळखी आईबाप, नवी शाळा. ती बोलत तीही इंग्रजीच, पण तिचा बाज निराळा. त्यांच्याकडे घरातल्या नळाला ‘पाइप’ म्हणत, चाचणीतल्या चित्राखाली अपेक्षित शब्द ‘टॅप’. उत्तर चूक, गुण शून्य. अशी मुले ‘शैक्षणिकदृष्ट्या मागे’ असलेल्यांच्या शाळांत त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त भरली गेली, आणि तेथून साध्या शाळेत परतणारे मूल विरळा. लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाच्या स्वतःच्या अंतर्गत अहवालात हे १९६०च्या दशकातच नोंदले गेले होते. ग्रेनाडाहून आलेले आणि अशाच शाळांत शिकवणारे बर्नार्ड कोर्ड यांनी १९७१मध्ये एक छोटी पुस्तिका काढून हा प्रकार चव्हाट्यावर आणला, तेव्हा पालक निषेधासाठी रस्त्यावर उतरले आणि ठिकठिकाणी त्यांनी शनिवारच्या पूरक शाळा काढल्या.

मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांत उर्दू माध्यम होते आणि घरात मराठी बोलणारी चांगली हुशार पोरे तेथे ‘ढ’ ठरत होती. आज तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला पुस्तकी मराठीतून प्रश्न विचारला, तर ती गप्प बसते. ते गप्प बसणे चाचणीत शून्य म्हणून नोंदले जाते. बिने चाचणीचे कन्नड आणि मराठी रूपांतर धारवाडच्या वि. वि. कामत यांनी १९३०च्या दशकात केले, आणि ‘बिने-कामत’ या नावाने ती चाचणी अजूनही आपल्याकडे वापरली जाते. चाचणी वाईट असे मी म्हणत नाही. परंतु ती घेणाऱ्याने मुलाची घरची बोली कोणती, गेल्या दोन वर्षांत ते किती दिवस शाळेत होते, त्याला ऐकू आणि दिसू नीट येते काय, हे आधी विचारले पाहिजे, आणि अर्जावर त्याची नोंद केली पाहिजे. नोव्हेंबर ते मार्च फडात पाचटाच्या कोपीत राहिलेले मूल एप्रिलमध्ये तपासणीला नेणे हा निव्वळ अन्याय आहे. निदान जून ते सप्टेंबर त्याला वर्गात बसू द्या, मग पाहा.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. ज्याला खरोखर बौद्धिक अक्षमता आहे त्याचे प्रमाणपत्र ‘बदनामी होईल’ म्हणून टाळले, तर त्याच्या सवलती, शिष्यवृत्ती आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिलेला अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्क, सगळेच अडून बसते. त्या कायद्यानुसार शेजारची साधी शाळा की विशेष शाळा, ही निवड करण्याची मुभा आहे. ती निवड मुख्याध्यापकांनी परस्पर करू नये.

प्रश्न : १९५०च्या सुमारास ब्रिटनमध्ये अंध मुलांची संख्या अचानक वाढली होती असे वाचले. कारण काय?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : कारण रुग्णालयातच होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना वाचवण्यासाठी काचपेटीत भरपूर प्राणवायू देण्याची पद्धत १९४०च्या दशकात पसरली आणि जगलेल्या बाळांपैकी अनेकांची दृष्टी गेली. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरील नाजूक रक्तवाहिन्या विपरीत वाढत होत्या. १९५१मध्ये मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी प्राणवायूकडे बोट दाखवले, १९५४च्या सुमारास अमेरिकेतील मोठ्या चाचणीने ते पक्के झाले आणि प्राणवायू मोजून देणे सुरू झाले. तोवर जन्मलेली मुले पुढे अंधांच्या शाळांत आली. लहानग्यांसाठी राष्ट्रीय अंध संस्थेची ‘सनशाइन’ निवासगृहे होती. हुशार मुलग्यांसाठी वूस्टर कॉलेज आणि मुलींसाठी चोर्लीवुड कॉलेज, जेथे ब्रेलमधून सर्व विषय शिकवले जात.

हा विषय इतिहासजमा झालेला नाही. नवजात अतिदक्षता कक्ष आता आपल्या जिल्ह्यांतही आहेत. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मले असेल किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर जन्मानंतर महिन्याच्या आत नेत्रपटलाची तपासणी व्हायलाच हवी. फारच अपुऱ्या दिवसांचे असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. रुग्णालयातून घरी सोडताना कागदावर तारीख लिहून मागा.

प्रश्न : मग आता ब्रिटनमध्ये विशेष शाळा बंद झाल्या आहेत काय?
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : नाही. मेरी वॉर्नॉक यांच्या विशेष शिक्षणावरील समितीचा अहवाल १९७८ साली आला, त्यावरून झालेल्या १९८१च्या कायद्याने अपंगत्वाचे ठरावीक प्रकार रद्द केले आणि प्रत्येक मुलाच्या गरजांचे स्वतंत्र विवरण करण्याची पद्धत आणली. २०१४पासून त्याऐवजी शिक्षण, आरोग्य आणि संगोपन यांची एकत्रित योजना केली जाते. इंग्लंडमध्ये आजही हजाराहून अधिक सरकारी विशेष शाळा आहेत, त्यांतील जागांसाठी पालक रांगेत आहेत आणि योजना मनासारखी मिळाली नाही तर न्यायाधिकरणात जातात.